मागे उरलेल्या द्रवाचे काय?
स्फटिकीकरणावर आधारलेल्या पृथक्करण प्रक्रियांच्या रचनेचा आढावा

पॅरासिटामॉल बनवण्याचा एक जुना आणि रुळलेला मार्ग क्लोरोबेंझीनच्या नायट्रेशनपासून सुरू होतो. या क्रियेत पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीन हवे असते, पण त्याच्याबरोबर ऑर्थो हे त्याचे भावंडही तयार होते. प्रमाण साधारण दोनास एक, शिवाय चिमूटभर मेटा. पॅरा आणि ऑर्थो यांचा रेणुभार एकच आणि उत्कलनबिंदूही शेजारशेजारचे : पॅरा २४२ अंश सेल्सिअसला उकळते, ऑर्थो २४६ ला. नुसत्या ऊर्ध्वपातनाने ही जोडी फोडायची तर उंच मनोरा हवा आणि पुष्कळ वाफ हवी. त्यात नायट्रो संयुगे फार तापवणे जोखमीचे, म्हणून सगळा खटाटोप निर्वातात करावा लागतो. वितळण्याच्या बाबतीत मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॅरा ८३ अंशांना वितळते, ऑर्थो ३३ च्या आसपास. गरम मिश्रण सावकाश थंड करत गेले की पॅराचे स्फटिक आधी दिसू लागतात.

स्फटिकाची निवड कडक असते. द्रवात रेणू कसेही दाटीवाटीने राहतात, पण स्फटिकाच्या जाळीत ठरलेल्या मापाचा आणि ठरलेल्या घडणीचा रेणूच बसतो. दुसरा आला तर बहुधा बाहेरच राहतो. म्हणूनच मनोऱ्याच्या अनेक थाळ्यांनी जे साधत नाही, ते पुष्कळदा स्फटिकीकरणाच्या एकाच पायरीत साधते. उष्णतेचा हिशेबही सोयीचा असतो. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, तर त्याचा बर्फ करताना जेमतेम ३३४ काढून घ्यावे लागतात. अर्थात गारवा फुकट मिळत नाही. तापमान जितके खाली न्याल तितके कॉम्प्रेसरचे बिल वर जाते.

आता साधा हिशेब मांडून पाहू. मेटा बाजूला ठेवून १०० किलो मिश्रणात ६५ किलो पॅरा आणि ३५ किलो ऑर्थो आहे असे धरू. थंड करत गेलो की पॅरा गळते आणि द्रवात ऑर्थोचे प्रमाण वाढत जाते. सुमारे १५ अंशांवर मुक्काम येतो. तिथे द्रवात एक तृतीयांश पॅरा आणि दोन तृतीयांश ऑर्थो असते आणि यापुढे थंड केले तर दोन्ही एकदमच गोठतात. हाच यूटेक्टिक बिंदू. ३५ किलो ऑर्थो म्हणजे द्रवाचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे द्रव उरला साडेबावन्न किलो आणि स्फटिक मिळाले साडेसत्तेचाळीस. साडेसतरा किलो पॅरा द्रवातच अडकले. क्रिस्टलायझर कितीही उत्तम घेतला, तरी हा आकडा हलत नाही.

स्फटिकीकरणाच्या प्रक्रियारचनेवर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे काम झाले, त्याच्याकडे पाहताना मला हाच प्रश्न मध्यभागी दिसतो. स्फटिक आपल्या गुणांनी बाहेर येतात. रचनाकाराची कसोटी लागते ती मागे उरलेल्या द्रवावर. पुस्तकात त्याला मातृद्राव म्हणतात, कारखान्यात ‘मदर लिकर’ किंवा नुसते ‘एमएल’.

नकाशा आधी, भांडे नंतर

कोणत्या तापमानाला, कोणत्या प्रमाणात, कोणता घन पदार्थ आधी बाहेर पडेल हे सांगणाऱ्या आलेखाला प्रावस्था-आकृती म्हणतात. रचनाकाराचा तो नकाशा. या नकाशावर प्रत्येक घन पदार्थाचा स्वतःचा मुलूख असतो आणि दोन मुलखांमध्ये सीमा असते. आपल्या मिश्रणाचा बिंदू ज्या मुलखात पडेल तो पदार्थ शुद्ध मिळतो, द्रव सीमेपर्यंत सरकतो आणि तिथे अडतो.

हे नकाशे काढण्याचे मोठे काम जर्मनीत झाले. स्टासफुर्टच्या खाणींत मीठ, पोटॅश आणि मॅग्नेशियमचे क्षार थरांवर थर साचलेले होते. १८९६ साली बर्लिनला गेलेल्या याकोबस व्हान्ट हॉफ यांनी सहकाऱ्यांसह पुढची अनेक वर्षे समुद्राचे पाणी आटताना कोणता क्षार केव्हा बसतो, याचा पद्धतशीर अभ्यास केला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच मिळाले. ते याआधीच्या कामासाठी होते, पण कारखान्यांना पुढे उपयोगी पडले ते हे क्षारांचे काम.

पोटॅशचे उदाहरण आजही वर्गात पहिले सांगावे इतके देखणे आहे. सिल्व्हिनाइट या खनिजात साधे मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असतात. दोन्ही पाण्यात विरघळतात, पण स्वभाव वेगळे. १०० ग्रॅम पाण्यात ० अंशाला ३५.७ ग्रॅम मीठ विरघळते आणि १०० अंशांना सुमारे ३९. पाणी तापवून फारसा फरक पडत नाही. पोटॅशियम क्लोराइडचा आकडा मात्र २८ वरून ५६ वर जातो. दोन्हींनी एकदम संपृक्त झालेल्या द्रावणात तर गंमत आणखी वाढते. १०० अंशांना त्यात सुमारे २८ ग्रॅम मीठ आणि ३५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते, २५ अंशांना सुमारे ३० ग्रॅम मीठ आणि १६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे थंड होताना मिठाला जागा कमी न पडता थोडी वाढतेच, आणि बाहेर पडते ते फक्त पोटॅशियम क्लोराइड. उरलेला द्रव तापवून पुन्हा खनिजावर सोडायचा. तो पोटॅश तेवढे उचलतो, मीठ खाली ठेवतो आणि परत थंड व्हायला जातो. या रचनेत मातृद्राव हमालासारखा गोल फिरत राहतो. प्रत्येक फेरीत १०० ग्रॅम पाण्यामागे सुमारे १९ ग्रॅम माल. आपल्याकडच्या शेतात पडणारे पोटॅश बहुतेक सगळे आयात केलेले असते. त्यातले काही अशाच फेऱ्यांतून आलेले असते, काही फ्लोटेशनने वेगळे केलेले.

क्षारांचे हे शहाणपण फार काळ ज्याच्या-त्याच्या कारखान्यापुरते राहिले. त्याला सर्वसाधारण रचनापद्धतीचे रूप आले ते १९८० च्या दशकापासून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आणि पुढे हाँगकाँगमध्ये का मिंग इंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकाशावरच्या चाली मोजक्या प्रकारांत बसवल्या : तापव, थंड कर, द्रावक घाल, द्रावक काढ, दोन प्रवाह मिसळ, एखादा घटक स्फटिकरूपात काढून घे. २००० साली इंग आणि ख्रिस्तियांतो विबोवो यांनी क्षार, सेंद्रिय मिश्रणे, वितळलेले पदार्थ या सगळ्यांना एकच चौकट लावून दाखवली. या कामाचा मोठा गुण असा की भांडे, ढवळणी आणि पंप यांची चर्चा सुरू होण्याआधीच कोणत्या वाटेने जाणे शक्य आहे आणि कोणती वाट कधीच पोहोचणार नाही, हे कागदावर कळते.

सीमा ओलांडण्याच्या वाटा

यूटेक्टिकच्या भिंतीपाशी अडलेला द्रव पलीकडे कसा न्यायचा? आजवरची उत्तरे ढोबळमानाने चार प्रकारची आहेत.

पहिले, भिंतच हलवायची. तापमान किंवा द्रावक बदलला की सीमा सरकते. पोटॅशमध्ये तेच झाले. आपल्या एमआयडीसींमध्ये सांडपाणी आटवून उरणाऱ्या मिश्र क्षारातही हीच शक्यता दडलेली आहे. त्यात पुष्कळदा मीठ आणि सोडियम सल्फेट एकत्र असतात. सल्फेटची विद्राव्यता विलक्षण वागते. ० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम ५ ग्रॅम, ३२.४ अंशांना जवळजवळ ५०, आणि त्यापुढे तापवले तर उलट कमी होत १०० अंशांना ४२ च्या आसपास. ३२.४ च्या खाली सल्फेट आपल्याबरोबर पाण्याचे दहा रेणू घेऊन ग्लॉबर मिठाच्या रूपात बसते, वर कोरडेच बसते. म्हणून मिश्रण थंड करून आधी ग्लॉबर मीठ काढायचे आणि उरलेले पाणी गरम उडवून साधे मीठ मिळवायचे, अशी आलटून-पालटून चाल खेळता येते. सगळे एकत्र आटवून मिळणारा मिश्र क्षार कोणी विकत घेत नाही आणि त्याची विल्हेवाट लावायला पैसे मोजावे लागतात. वेगळे झालेले क्षार निदान बाजारात उभे तरी राहू शकतात. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण ही वाट अवघड करते, हे मान्य करूनही.

दुसरे, सीमा ओलांडायला दुसऱ्या पद्धतीचा खांदा घ्यायचा. नायट्रोक्लोरोबेंझीनच्या साडेबावन्न किलो द्रवाला हेच औषध. तो निर्वातात ऊर्ध्वपातनाला घालायचा. मनोऱ्याकडून पूर्ण शुद्धीची अपेक्षा धरायची नाही. द्रव यूटेक्टिकच्या या बाजूकडून त्या बाजूला नेला की त्याचे काम संपले. वरून आलेला पॅराचा साठा पुन्हा पॅराच्या क्रिस्टलायझरकडे, खालचा ऑर्थोने श्रीमंत झालेला भाग ऑर्थोच्या क्रिस्टलायझरकडे. एकट्याने करायला जड असलेले काम दोन पद्धती वाटून घेतात.

तिसरे, मातृद्रावाला रासायनिक क्रियेने बदलून टाकायचे. पॉलिएस्टरचा कच्चा माल असलेल्या पॅरा-झायलीनचा इतिहास इथे बोलका आहे. पॅरा आणि मेटा झायलीन यांच्या उत्कलनबिंदूंत एक अंशाचेही अंतर नाही, पण पॅरा १३ अंशांना गोठते आणि मेटा उणे ४८ ला. म्हणून मिश्रण उणे ६० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली नेऊन पॅराचे स्फटिक काढत. मिश्रणात मुळात पॅरा एक चतुर्थांशाहून फार जास्त नसे आणि यूटेक्टिकमुळे त्यातलेही साठ-पासष्ट टक्केच हाती लागे. उरलेला द्रव आयसोमरीकरणाच्या संयंत्रात जाई, तिथे मेटाचे काही पॅरा होई आणि मिश्रण परत येई. द्रव फिरवता येतो, पण इतका मोठा प्रवाह पुन्हापुन्हा उणे ६० ला नेण्याचा खर्च डोक्यावर बसतो. १९७० च्या दशकात निवडक अधिशोषणाची पारेक्स पद्धत आली. एका फेरीत जवळजवळ सगळे पॅरा तिने उचलले आणि स्फटिकीकरण मागे पडले. पुढे टोल्युइनपासून पॅराने भरगच्च मिश्रण देणारे उत्प्रेरक आले, तेव्हा स्फटिकीकरण परतले. यातून निघणारा धडा साधा आहे. मिश्रण आधीच श्रीमंत असेल तिथे स्फटिकीकरण स्वस्त पडते. गरीब मिश्रणावर ते एकटे लादू नये.

चौथे, नवा सोबती आणायचा. पॉलिकार्बोनेटसाठी लागणारे बिस्फेनॉल-ए फिनॉलबरोबर एकास एक अशी जोडी करून स्फटिकरूपात येते. ती जोडी फिनॉलने धुवायची, वितळवायची, फिनॉल उडवून द्यायचे. मातृद्राव परत अभिक्रियेकडे जातो आणि त्यातल्या नको असलेल्या आयसोमरचे तिथे हवे ते रूप होते. मेटा आणि पॅरा क्रेसॉल दोन्ही २०२ अंशांच्या आसपास उकळतात. अशा जोड्यांवर मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. एम. एम. शर्मा आणि प्रा. विलास गायकर यांनी १९८० च्या दशकात काम केले. दोन्ही घटकांच्या आम्लतेत थोडा फरक असतो. तो हेरून एकाशीच निवडून जोडी जमवणारा पदार्थ घालायचा आणि ती जोडी स्फटिकरूपात काढायची, ही त्यामागची कल्पना. या वाटेचा तोटा उघड आहे. आणलेला सोबती शेवटी वेगळा करून परत न्यावाच लागतो. द्रावक घालून केलेल्या प्रत्येक रचनेला हे लागू आहे.

नकाशावर घड्याळ नसते

प्रावस्था-आकृती शेवटी काय होईल ते सांगते, केव्हा होईल ते सांगत नाही. द्रावण संपृक्ततेच्या पुढे गेले तरी काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम कणांचा पाऊस पडतो. या मधल्या टापूला अर्धस्थिर पट्टा म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये हेन्री मायर्स यांनी तो नेटाने मोजला.

साखर कारखान्यातल्या पॅनवरच्या माणसाला हा पट्टा पुस्तकाशिवाय कळतो. निर्वातात ६५ अंशांच्या आसपास पाक उकळत असतो. तो पुरेसा दाट झाला की अल्कोहोलमध्ये दळलेल्या साखरेचे ‘बी’ आत सोडतात. पुढे घाई केली तर नवे बारीक कण जन्मतात आणि दाणा बिघडतो, अति सावकाश केले तर पॅन अडून राहते. बियाण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दहा मायक्रॉनचा कण वाढून एक मिलिमीटरचा दाणा झाला, तर लांबी शंभर पट आणि वजन दहा लाख पट. नवा एकही कण जन्मला नाही असे धरले, तर एका ग्रॅम बियातून एक टन साखर.

या अनुभवाला गणित मिळाले ते दोन वाटांनी. १९७१ साली जॉन मलिन आणि यारोस्लाव निव्ह्ल्ट यांनी दाखवले की सरळ रेषेत थंड करणे चुकीचे आहे. आरंभी स्फटिकांचा पृष्ठभाग थोडा असतो, म्हणून आधी अगदी हळू आणि पुढे वेगाने थंड करावे. त्याच्याआधी, १९६० च्या दशकात, अ‍ॅलन रँडॉल्फ आणि मॉरिस लार्सन यांनी स्फटिकांकडे लोकसंख्येच्या शिरगणतीसारखे पाहिले : किती जन्मले, किती वेगाने वाढले, किती बाहेर गेले. आजची बहुतेक संगणकीय प्रतिमाने याच समीकरणावर उभी आहेत.

घड्याळाकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षा औषध उद्योगाने भोगली आहे. एड्सवरचे रिटोनावीर १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये अचानक दुसऱ्या घडणीचे स्फटिक दिसू लागले. ते अधिक स्थिर होते, म्हणून कमी विरघळणारे होते, आणि कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. नकाशावर एक संपूर्ण मुलूख नोंदायचा राहून गेला होता, कारण तोवर तिथे कोणी पोहोचलेच नव्हते. तेव्हापासून औषधाच्या प्रक्रियारचनेत सगळी स्फटिकरूपे हुडकणे हे पहिल्या टप्प्याचे काम झाले.

एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले डावे-उजवे रेणू वेगळे करतानाही मुलखांची ओळख आधी लागते. १८४८ साली लुई पाश्चर यांनी टार्ट्रिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेचले. ते नशिबवान ठरले, कारण असे वेगवेगळे स्फटिक देणारी मिश्रणे दहांत एखादे, त्याहूनही कमी. बाकीच्यांत दोन्ही रेणू एकाच जाळीत बसतात. मग दुसरा एखादा डावा किंवा उजवा रेणू जोडून क्षार करावा लागतो. तिथेही नको असलेली अर्धी बाजू मातृद्रावात उरतेच. वेदनाशामक नॅप्रोक्सेनच्या प्रक्रियेत ती अर्धी बाजू पुन्हा समसमान मिश्रणात बदलून परत फिरवली जाते. म्हणून तिचा अर्धा माल वाया जात नाही.

केक, धुणे आणि फेरफटका

आढाव्यांत सहसा कोपऱ्यात पडणारा भाग म्हणजे गाळणी. स्फटिक आतून शुद्ध असले तरी अंगाला द्रव चिकटलेला असतो. सेंट्रीफ्यूजमधून निघालेल्या केकमध्ये, म्हणजे स्फटिकांच्या ओल्या थरात, १० टक्के द्रव उरला आणि त्या द्रवात २० टक्के अशुद्धी असली, तर मालात २ टक्के अशुद्धी गेलीच. औषधाच्या दर्जाला हे चालत नाही. म्हणून धुवावे लागते, आणि धुताना थोडा मालही विरघळून जातो. सुयांसारखे बारीक स्फटिक आले तर गाळणीच तुंबते. क्रिस्टलायझरमध्ये वाचवलेला एक तास ड्रायरपाशी पाच तासांनी फेडावा लागतो. म्हणजे दाण्याचा आकार हा बाजारापुरता प्रश्न नाही, पृथक्करणाचाच भाग आहे.

मातृद्राव परत फिरवण्यालाही मर्यादा आहे. जी अशुद्धी स्फटिकात जात नाही ती द्रवात साठत राहते. द्रवाचा ९० टक्के भाग परत फिरवला तर अशुद्धीचा साठा एका फेरीच्या दहापट होतो, ९५ टक्के फिरवला तर वीसपट. कधीतरी ती स्फटिकाच्या वाढीत अडथळा आणते, त्याचा आकार बदलते किंवा स्वतःच बसू लागते. प्रयोगशाळेत ताज्या द्रावणावर सुंदर चाललेली रचना कारखान्यात महिन्याभराने का बिघडते, याचे कारण पुष्कळदा इथे सापडते. पहिल्या फेरीच्या द्रवावर घेतलेले प्रयोग विसाव्या फेरीच्या द्रवाबद्दल फारसे काही सांगत नाहीत. किती द्रव बाहेर सोडायचा हा निर्णय म्हणून शेवटी उरणारा किरकोळ तपशील मानू नये. तो आरंभीच घ्यायला हवा.

आजची स्थिती

साधने झपाट्याने सुधारली आहेत. द्रावणातली संहती आणि कणांचा आकार चालू भांड्यातच मोजणारे प्रोब आले. २००४ साली अमेरिकेच्या एफडीएने अशा मोजमापांना उत्तेजन देणारी मार्गदर्शिका काढली. त्याच वर्षी चाउ-चुन चेन आणि सहकाऱ्यांनी थोड्या प्रयोगांवरून अनेक द्रावकांतली विद्राव्यता अदमासणारे प्रतिमान मांडले. औषधांतले खेपेगणिक चालणारे स्फटिकीकरण अखंड प्रवाहात नेण्याचे प्रयत्नही दोन दशके चालू आहेत.

तरीही दोन शाळांमधली दरी पुरती बुजलेली नाही. नकाशा काढणारे समतोलात रमतात आणि अशुद्धी मोजक्याच धरतात. कणांची शिरगणती करणारे एकाच भांड्यात खोल जातात आणि फिरून येणाऱ्या द्रवाकडे पाठ फिरवतात. केकचे धुणे बहुधा दोघांच्याही समीकरणात नसते. या तिघांना एकत्र बांधणारा धागा मातृद्रावच आहे, कारण तो नकाशाच्या सीमेवर उभा असतो, स्फटिकाच्या वाढीचा वेग ठरवतो आणि केकलाही चिकटून येतो.

हे आपल्याकडच्या साखर कारखान्याने केव्हाच ओळखले आहे. तिथे पाक तीनदा उकळतात. ‘ए’चे दाणे पोत्यात जातात, त्याच्या मळीतून ‘बी’, आणि ‘बी’च्या मळीतून ‘सी’. ‘सी’नंतरच्या मळीतही सुमारे एक तृतीयांश साखर असते, पण ती इतकी चिकट आणि इतर द्रव्यांनी भरलेली असते की तिथून दाणा काढणे परवडत नाही. कुठे थांबायचे हे वर्षानुवर्षे या चिकटपणाने ठरवले. २०१८ साली केंद्र सरकारने ‘बी-हेवी’ मळीपासूनच्या इथेनॉलला वेगळा, चढा भाव दिला, आणि अनेक कारखाने तिसऱ्या उकळीआधीच थांबू लागले. साखरेच्या विद्राव्यतेत तसूभरही फरक पडला नव्हता. पाकाचा नकाशा तोच होता, पॅनही तीच होती. फक्त मागे उरणाऱ्या द्रवाला किंमत आली, आणि तेवढ्याने सबंध प्रक्रियेची रचना बदलली.